तीन मिनिटांचे गाणे, तीन मिनिटांचे वल्हे

एका सभागृहात वीस-पंचवीस यंत्रे ओळीने मांडलेली आहेत. प्रत्येक यंत्रावर एक स्पर्धक बसला आहे. पाय फळीवर रोवून तो हातातली मूठ स्वतःकडे ओढतो, हळूच सोडतो आणि पुन्हा ओढतो. समोरच्या लहानशा पडद्यावर आकडे उतरत जातात : १५००, १०००, ५००. दोन हजार मीटर पूर्ण झाले की शर्यत संपते. पाणी नाही, नाव नाही. पण श्रम मात्र नावाड्याचेच. या क्रीडाप्रकाराला ‘इनडोअर रोइंग’, म्हणजे घरात बसून केलेले नौकानयन, असे म्हणतात.

तापी-गिरणेच्या किंवा पांझरेच्या काठी राहणाऱ्या, गुडघ्यांना तेल चोळत ओसरीवर बसलेल्या आजी-आजोबांशी या खेळाचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. संबंध आहे आणि तो जवळचा आहे. बसल्या जागी करता येणारी ही ओढण्याची हालचाल आणि तरुणपणी मनात रुजलेले एखादे गाणे, या दोहोंच्या साहाय्याने थकलेल्या माणसाला पुन्हा उभे राहण्याचे थोडे बळ देता येते, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

‘सद्दी संपलेल्यां’ची शर्यत

या स्पर्धांचा उगम गमतीदार आहे. १९८० मध्ये अमेरिकेने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार घातला आणि तेथील नौकानयनपटूंची वर्षानुवर्षांची तयारी वाया गेली. बोस्टनजवळ चार्ल्स नदीवर सराव करणाऱ्या काही खेळाडूंनी हिवाळ्यातील कंटाळा घालवण्यासाठी सरावाच्या यंत्रांवरच शर्यत लावली. आपल्या मंडळाच्या नावात त्यांनी स्वतःला ‘हॅज-बीन्स’, म्हणजे सद्दी संपलेले, असे म्हणवून घेतले. ‘क्रॅश-बी’ या नावाने ही शर्यत पुढे जगभर गाजली. १९८१ मध्ये ड्रायसिगॅकर बंधूंनी ‘कॉन्सेप्ट टू’ या नावाने असे यंत्र बाजारात आणले आणि हा खेळ नदीपासून दूर राहणाऱ्यांच्याही आवाक्यात आला. २०१८ मध्ये अमेरिकेतील अलेक्झांड्रिया येथे जागतिक नौकानयन संघटनेची पहिली इनडोअर जागतिक स्पर्धा झाली.

या स्पर्धांत वयाचे गट असतात आणि ते नव्वदीच्या पलीकडे जातात. आयर्लंडचे रिचर्ड मॉर्गन हे या खेळातील चार वेळचे जगज्जेते. आयुष्यभर त्यांनी बेकरीत आणि बॅटरीच्या कामात घाम गाळला; नियमित व्यायामाशी मात्र त्यांचा परिचय वयाच्या ७३व्या वर्षी झाला. ते ९२ वर्षांचे असताना संशोधकांनी त्यांची प्रयोगशाळेत तपासणी केली. शर्यतीच्या वेळी त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १५३ पर्यंत गेले आणि त्यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण सुमारे १५ टक्के भरले. त्यांचा नेम साधा होता : रोज सरासरी ४० मिनिटे यंत्रावर वल्हवणे, आठवड्यातून दोन-तीनदा हलकी वजने उचलणे आणि आहारात पुरेशी प्रथिने. बहुतेक दिवस ते सावकाश वल्हवत. जोराचे दिवस थोडेच असत.

एका माणसाच्या उदाहरणावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. प्रकृतीची देणगी प्रत्येकाची वेगळी असते. तरीही एवढे निश्चित की, त्र्याहत्तराव्या वर्षी आरंभ केलेला व्यायामही स्नायूंना कळतो.

आपल्या घरातले वल्हे

खान्देशाच्या सीमेला लागून असलेल्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही येथील दत्तू भोकनळ हे नाव वाचकांना आठवत असेल. विहिरी खोदण्याच्या कामावर राबलेला हा तरुण २०१२ मध्ये सैन्यात गेला, तेथे त्याने प्रथम वल्हे हाती घेतले आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला. २०१८च्या आशियाई स्पर्धेत त्याच्या चमूने सुवर्णपदक मिळवले. त्याच्या शर्यतीचे अंतरही तेच, दोन हजार मीटर. दुष्काळी गावातून आलेल्या या खेळाडूच्या अंगी बळ आले कोठून? कुदळ, दगड आणि दोर यांच्याशी केलेल्या कष्टांचा त्यात मोठा वाटा असला पाहिजे.

आपल्या मागच्या पिढीच्या घरांत हीच ओढ-सोड दिवसभर चालत असे. विहिरीतून पोहरा शेंदणे, रवीची दोरी आळीपाळीने ओढून ताक घुसळणे, जात्याचा खुंटा धरून दळणे. या सर्व कामांत पाठ, दंड, मनगटे आणि कंबर एका लयीत हलत. आणि या लयीला गाण्याची जोड असे. जळगावजवळच्या आसोद्याच्या लेकीने, बहिणाबाई चौधरी यांनी, आपल्या रचना घरकाम आणि शेतकाम करता करताच रचल्या. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी असोत की भुलाबाईची गाणी असोत, खान्देशात गाणे आणि अंग यांची फारकत कधी नव्हती.

पुढे गिरणी आली, मिक्सर आला, नळ आला. कष्ट कमी झाले, हे चांगलेच झाले. मात्र त्याबरोबर ओढण्याची हालचालही घरातून गेली आणि तोंडातले गाणे पेटीत जाऊन बसले.

लंडनहून आलेली तीन मिनिटे

ती पेटी म्हणजे ग्रामोफोन. १८९८ मध्ये लंडनमध्ये ‘ग्रामोफोन कंपनी’ स्थापन झाली. फ्रान्सिस बॅरॉ या चित्रकाराने रंगवलेले, कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेल्या निपर नावाच्या कुत्र्याचे चित्र कंपनीने विकत घेतले आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’, अर्थात एच.एम.व्ही., हे बोधचिन्ह जगभर पोहोचले. १९०२च्या नोव्हेंबरात कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर येथे. गायिका कोण, हे तेथील कामगारांना कळावे म्हणून गाणे संपताच गौहरजान आपले नाव उच्चारीत. पुढे कलकत्त्यातच कारखाना निघाला. तबकडीचा मुख्य घटक, लाख, तर आपल्याच देशातील झाडांवरच्या कीटकांची देणगी होती. कच्चा माल येथला, यंत्र विलायती आणि कंठ पुन्हा येथलाच, असा तो व्यवहार होता.

१९३१ मध्ये ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया यांचे विलीनीकरण होऊन ई.एम.आय. ही बलाढ्य ब्रिटिश संस्था निर्माण झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनच्या ॲबी रोडवर तिचा प्रसिद्ध स्टुडिओ सुरू झाला. दोन वर्षे आधी डेका ही दुसरी ब्रिटिश कंपनी या धंद्यात उतरली होती. आपल्याकडे मात्र घराघरांत ओळख होती ती कुत्र्याच्या चित्राच्या तबकडीची.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे गाणे मावत असे. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत दीर्घकाळ रंगणारे नाट्यपद गायकांना त्या मुदतीत बसवावे लागे. बालगंधर्वांची पदे या तबकड्यांमुळेच नाटक कंपनी न पोहोचलेल्या गावांतही पोहोचली. बालगंधर्वांचे बालपणीचे काही शिक्षण जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे झाले होते. आजही त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव दर जानेवारीत जळगावात भरतो. १९३२ मध्ये गोविंद नारायण जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता तबकडीवर गायिली आणि मराठी भावगीताला घरोघरी जागा मिळाली. हेच जोशी पुढे एच.एम.व्ही.चे ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटात बहिणाबाईंचे शब्द आशा भोसले यांच्या आवाजात आले. लग्नघरच्या कर्ण्यावर, उपाहारगृहात आणि रेडिओवर ही गाणी ज्यांनी पंधराव्या-विसाव्या वर्षी ऐकली, ते आज पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

त्या लंडनच्या कंपनीची भारतीय शाखा पुढे भारतीय उद्योगसमूहाकडे आली आणि तिचे ‘सारेगामा’ असे नामकरण झाले. २०१७ मध्ये तिने जुन्या गाण्यांनी भरलेली ‘कारवाँ’ ही रेडिओसारखी पेटी काढली. माझ्या अनेक रुग्णांच्या उशाशी ती दिसते. ती विकत घ्यावीच असे नाही. नातवाच्या मोबाईलवरही ही गाणी ऐकता येतात. गाणे मात्र आजोबांचे हवे, नातवाचे नव्हे.

उठता येणे हीच खरी कसोटी

आता थोडे वैद्यकाविषयी. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. तीत अंथरुणाची भर पडली की नुकसान झपाट्याने होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर विश्रांती दिली गेली. तेवढ्यात त्यांच्या दोन्ही पायांतील मिळून सरासरी सुमारे एक किलो मांसल भाग घटला. आपल्याकडे मात्र घरातील माणूस आजारी पडला की ‘आता तुम्ही काही करू नका, नुसते पडून राहा’ असे सांगण्यात प्रेम मानले जाते.

भुसावळकडील एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांचे उदाहरण देतो. वय ८१. पत्नीच्या निधनानंतर ते आरामखुर्चीत जे बसले, ते बसलेच. सहा महिन्यांनी सूनबाई दवाखान्यात आल्या, त्या त्यांच्या रक्तदाबासाठी नव्हे. ‘डॉक्टर, बाबांना संडासातून उठवताना माझीच कंबर मोडायला आली आहे. ते लाजतात, मला हाक मारत नाहीत. परवा पाऊण तास आतच बसून होते.’ एवढे सांगून त्या रडू लागल्या. मुलाने हौसेने महागडे रोइंग मशीन आणले होते. त्याची बैठक जमिनीपासून फूटभराहून थोडीच उंच. तिच्यावर बसणे आणि तिच्यावरून उठणे हेच बाबांना अशक्य होते. यंत्रावर टॉवेल वाळत होते.

आम्ही यंत्र बाजूला ठेवले आणि त्याची हालचाल तेवढी घेतली. पाठ सरळ राहील अशी लाकडी खुर्ची, एक लांब सुती उपरणे आणि बाबांच्या आवडीचे एक नाट्यगीत. पहिल्या आठवड्यात एक गाणे. तीन महिन्यांनंतर ते पाच गाण्यांपर्यंत आले आणि भिंतीवर बसवलेल्या दांडीला धरून संडासातून स्वतः उठू लागले. दुःख गेले नाही, गुडघेदुखीही गेली नाही. दार लावून आत जाण्याचा आणि स्वतः बाहेर येण्याचा मान मात्र त्यांना परत मिळाला. वृद्धाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

यात चमत्कार काही नाही. १९९०च्या एका प्रसिद्ध अभ्यासात बोस्टनमधील वृद्धनिवासातल्या, सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम देण्यात आला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या जवळपास वाढली आणि दोघांना चालताना काठीची गरज उरली नाही. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीनंतर आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूबळाचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचवते. फिरायला जाणे उत्तमच. परंतु मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा घरातल्या व्यायामाला पर्याय नाही.

खुर्चीतले वल्हे : कृती

१. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, चार पायांची, भिंतीला टेकलेली असावी. प्लॅस्टिकची घसरणारी किंवा चाकांची खुर्ची नको. तळवे पूर्ण जमिनीला टेकावेत. पायांत न घसरणारी पादत्राणे असावीत.

२. सेवा करणाऱ्या व्यक्तीने समोर दुसऱ्या खुर्चीत बसावे. एका लांब, मजबूत सुती उपरण्याची किंवा पंचाची दोन टोके वृद्धाच्या हातांत द्यावीत आणि मध्यभाग आपण धरावा. फिजिओथेरपिस्टकडे मिळणारा रबरी पट्टाही चालतो.

३. वृद्धाने तळवे जमिनीवर दाबून, पाठ ताठ ठेवून कोपरे मागे न्यावीत. हात बरगड्यांखाली येईपर्यंत ओढावे. ओढताना तोंडाने श्वास सोडावा. समोरच्याने बेताचा विरोध करावा. हिसका देऊ नये आणि कापड अचानक सोडू नये.

४. परत जाताना दुप्पट सावकाश जावे आणि नाकाने श्वास घ्यावा. एक आकडा ओढायला, दोन आकडे सोडायला. मिनिटाला पंधरा-सोळा वेळा पुरे.

५. पहिला आठवडा : दिवसातून एक गाणे. दुसरा आठवडा : दोन गाणी, मध्ये एका गाण्याएवढी विश्रांती. त्यानंतर दर आठवड्याला एक गाणे वाढवत पाचापर्यंत जावे. आठवड्यातून पाच दिवस करावे, दोन दिवस सुटी.

६. शेवटच्या गाण्यानंतर, जमत असल्यास, खुर्चीच्या हातांचा आधार घेऊन पाच वेळा उठावे-बसावे. सोबत कोणीतरी उभे राहावे. पायांचे खरे बळ याच व्यायामाने वाढते.

व्यायाम करताना एखादे वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. बोलता येईना, तर वेग कमी करावा. संथ लयीचे गाणे निवडावे. ढोलकीच्या तालावर वल्हवण्याचा मोह नको. गाणे सोबतीला असले की तेवढेच श्रम कमी वाटतात, हे व्यायामशास्त्रातील अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे.

आहाराकडेही लक्ष हवे. भाकरी-भाजीवर पोट भरते आणि वाटीभर वरण तसेच राहते, असे अनेक घरांत दिसते. वरण, दही, दूध, चालत असल्यास अंडे. आणि उडदाची जोड असलेली आपली कळण्याची भाकरी, यांतून प्रथिने मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

कोणी थांबावे, केव्हा थांबावे

अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला असल्यास, विश्रांतीतही छातीत दुखत असल्यास, रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून अधिक असल्यास, नुकतीच मोतीबिंदूची, हर्नियाची वा अन्य शस्त्रक्रिया झाली असल्यास किंवा हाड मोडले असल्यास हा व्यायाम आपल्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरू करू नये. हाडे ठिसूळ झालेल्यांनी कंबरेतून पुढे वाकू नये. हालचाल केवळ हातांची ठेवावी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये.

छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, अंधारी किंवा धाप जाणवल्यास तत्काळ थांबावे. विश्रांतीनेही बरे न वाटल्यास वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

स्मृती मंदावली तरी

ज्यांच्या घरी विस्मृतीचा रुग्ण आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. अल्झायमरमध्ये सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, लेकीचे नाव आठवत नाही. पण पौगंडावस्थेत आणि ऐन विशीत ऐकलेले गाणे पुष्कळदा शाबूत राहते. परिचित संगीताची स्मृती मेंदूच्या ज्या भागांत असते, त्यांना हा आजार तुलनेने उशिरा ग्रासतो. ‘आजी, हात ओढा’ या सूचनेचा अर्थ न लागणारी स्त्री ओळखीचे गाणे लागताच हात पुढे करते, हे मी पाहिले आहे. अशा वेळी सूचना कमी द्याव्यात. समोर बसून आपण ओढावे, ती आपोआप साथ देते.

आवाज मध्यम ठेवावा. श्रवणयंत्र असल्यास ते लावलेले असावे. एखाद्या गाण्याने डोळे भरून आले, तर घाबरू नये. हात धरून बसावे. मात्र अस्वस्थता वाढली तर ते गाणे बंद करून दुसरे लावावे.

सेवा करणाऱ्यांनाही याचा लाभ आहे. दिवसभर औषधे, पथ्य आणि कपडे यांतच गुंतलेल्या सुनेला किंवा मुलाला समोरासमोर बसून पंधरा मिनिटे मिळतात. त्यांचेही हात, पाठ हलतात. एरवी दोघांत बोलायला विषय उरलेला नसतो. येथे गाणे तो पुरवते.

आरंभ अवघड नाही. आज संध्याकाळी चहाच्या वेळी आपल्या आईला, वडिलांना, सासूबाईंना एवढेच विचारावे : लग्नाआधी तुम्ही कोणती गाणी ऐकत होता? पाच गाण्यांची नावे कागदावर लिहून घ्यावीत. वही जुनी, उपरणे घरचे, खुर्ची रोजचीच. उद्या सकाळी नाश्त्यानंतर तासाभराने त्यांतले पहिले गाणे लावावे आणि त्यांच्यासमोर बसावे.